कॅमशाफ्टवरून मोटरच्या शाफ्टवर: माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीत मी सीएनसी ग्राइंडिंगला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या घासकामाच्या मशीनवर, सेटर आहे; मशीन कामाला लावून देणं हे माझं काम. औंधच्या आयटीआयमधून मशिनिस्ट ग्राइंडरचा ट्रेड केला आणि तेव्हापासून हात कॅमशाफ्टवरच बसला. इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप करणारा हा दांडा. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, मग कॅमशाफ्ट कुठून असणार? 2020 च्या जानेवारीत बजाजची चेतक स्कूटर विजेवर परत आली, तेव्हा लाइनवर सगळ्यांनी कौतुकानं फोटो पाहिले. पुढे आकुर्डीत तिचा कारखाना सुरू झाला. मग आमच्या दोनपैकी एक लाइन बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली आणि माझी झोप उडाली.

पहाटे तीनला जाग यायची. छातीत धडधड, डोक्यात घराचा हप्ता आणि मुलीची अकरावी. घरात सगळ्यांवर चिडचिड व्हायची. शेवटी बायकोनंच टेलिमानसचा 14416 नंबर लावून फोन हातात दिला. मनाच्या त्रासासाठीची सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी सांगितलं, रोज संध्याकाळी अर्धा तास ठरवून बसा, वाटणारी भीती वहीत लिहा आणि तिच्यासमोर पक्की माहिती तेवढी लिहा. रात्री विचार आला तर तो उद्याच्या वहीसाठी ठेवा.

पहिलं पान: नोकरी गेली तर हातात काय येईल? युनियनच्या भाऊंबरोबर बसून हिशेब मांडला. कायम कामगाराची कपात करायची तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, ग्रॅच्युइटी वेगळी. आकडा मोठा नव्हता, पण काही महिने घर चालेल एवढा होता. दुसरं पान: पेट्रोलच्या गाड्या लगेच बंद होतील? 2024-25 मध्ये देशात विकल्या गेलेल्या शंभर दुचाकींत विजेवरच्या साधारण सहाच होत्या. त्या रात्री मला शांत झोप लागली.

तिसरं पान बरेच दिवस कोरं राहिलं. मला दुसरं काय येतं?

उत्तर शॉपमध्येच मिळालं. शेजारच्या शेडमध्ये मोटरच्या शाफ्टची ट्रायल चालू होती आणि बेअरिंग बसतं त्या जागेवर चॅटर, म्हणजे घासताना कंपामुळे उठणारी लहर, येत होता. साहेबांना विचारून मी शिफ्ट संपल्यावर तिथे थांबू लागलो. शाफ्टवर नख फिरवलं की बारीक लहर लागायची. व्हील ड्रेस केलं, म्हणजे घासणाऱ्या चाकाला पुन्हा धार दिली, फीड म्हणजे चाक पुढे सरकायचा वेग कमी केला, शेवटी स्पार्क आउटचा वेळ वाढवला, म्हणजे फीड थांबवून ठिणग्या विझेपर्यंत व्हील नुसतं फिरू दिलं. लहर गेली. कॅमशाफ्टच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, मी आयुष्यभर हेच करत आलो होतो! मोटर इंजिनापेक्षा कितीतरी जोरात फिरते, त्यामुळे फिरताना दोन-चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या दोन-चार भागांचा, रनआउट (हेलकावा) असला तरी कंप धरतो. आणि गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गिअरची जराशी शीळही चालवणाऱ्याला ऐकू येते. म्हणजे या कामात ग्राइंडिंगची कदर वाढलीच आहे. इंजिन जाईल तेव्हा जाईल, मायक्रॉन धरणारा हात लागणारच, हे मी पानावर लिहिलं.

नवीन गोष्टीही शिकाव्या लागल्या. शाफ्टवर रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, चढवल्यावर बॅलन्सिंग कसं करतात, नव्या कंट्रोलरचे अलार्म, मापं थेट कॉम्प्युटरवर जाणारं गेज. हे सगळं वयानं निम्म्या असलेल्या ट्रेनी पोरीकडून शिकलो. ती मला काका म्हणते आणि चुकलं की सरळ सांगते. आता मी त्याच शेडमध्ये सेटर आहे. धडधड अजून कधीकधी होते, मग वही उघडतो.

कॅमशाफ्टची एक लाइन बंद झालीच. तिथल्या कायम माणसांना दुसरीकडे घेतलं, कंत्राटी पोरांना मात्र महिनाअखेरीस यायचं नाही म्हणून सांगितलं. त्यांच्यातले दोघे व्हील ड्रेसिंगला माझ्याइतकेच तयार होते. ट्रायलच्या शेडमध्ये उभं राहायची संधी त्यांना मिळालीच नाही. पुढच्या वेतन कराराच्या मागणीपत्रात नव्या मशीनचं प्रशिक्षण कंत्राटी कामगारांनाही द्यावं, हे कलम घालायला मी युनियनकडे लेखी दिलं आहे.