तेलाच्या देशातली रांग

"इथे रांग इतकी पटपट सरकते?" आज कर्वे रोडच्या पंपावर गाडीवर मागे बसलेल्या मुलाने विचारलं. आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. नायजेरियाचा, इथे शिकायला आलाय.

त्याचे वडील पेट्रोलसाठी रात्रभर गाडीतच झोपायचे. सकाळी नंबर लागला की आधी घरी फोन करायचे. तो फोन काही माझ्या डोक्यातून जात नाही.

१९५६ साली नायजेरियात ओलोइबिरी गावाजवळ तेल सापडलं. देशाची निर्यातीची बहुतेक कमाई तेलाचीच. पण सरकारी रिफायनऱ्या वर्षानुवर्षं जवळपास बंद, म्हणून कच्चं तेल विकायचं आणि पेट्रोल बाहेरून आणायचं! मे २०२३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष तिनुबूंनी शपथविधीच्याच दिवशी पेट्रोलचं अनुदान संपल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ नायरा हे तिथलं चलनही कोसळलं. २०२४ मध्ये लागोसजवळच्या दांगोटे या खासगी रिफायनरीतून पेट्रोल निघू लागलं, ही खरंच मोठी गोष्ट. पण सामान्य माणसाला ते परवडायला हवं ना.

मला वाटतं, लोकांच्या करावर चालणाऱ्या सरकारला लोकांना उत्तर द्यावं लागतं. तेलावर चालणाऱ्याला तेवढं नाही.

उतरताना विचारलं, परत जाणार का रे?

"जायचंच आहे. पण तेल सोडून दुसरं काही काम असेल का तिथे माझ्यासाठी?"