आचारी आणि आचार्य

जत्रेच्या निमंत्रणात 'महाप्रसादासाठी आचार्यांना पहाटे पाचला बोलावले आहे' असं वाचलं की भगव्या वस्त्रातले विद्वान आदोळीवर (विळीवर) खोबरं किसताना दिसू लागतात. हवे होते आचारी. साध्या 'र'ला हलन्त देऊन 'य' टंकला की रफार वर चढतो. खाली टिंब असलेला 'ऱ', मग हलन्त, मग 'य' घेतला तर 'आचाऱ्यांना' उमटतं. स्पेलचेक इथे गप्प, कारण शब्द दोन्ही शुद्ध. 'दिन' नि 'दीन', 'सुत' नि 'सूत' यांचंही तेच.

गोव्यात त्यात शेजारच्या कोंकणीची भर. 'देऊळ'चं 'देवूळ' होतं, 'आणि'चं 'आनी'. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, पण 'आणि' आणि 'नि' अपवाद; कोंकणीत मात्र 'आनी'च बरोबर. रोज दोन्ही वाचणाऱ्या डोळ्यांना ते खुपतच नाही.

आपलंच लिखाण असलं की डोळे वाचत नाहीत, पाठ म्हणून दाखवतात. तेव्हा मजकूर परका करावा. एक रात्र मुरू द्यावा. फॉन्ट बदलून, ओळींत दुप्पट अंतर सोडून कागदावर काढावा, ओळीखाली पट्टी धरावी. पहिली फेरी मोठ्याने, अर्थासाठी. श्वास पुरेना तिथे वाक्य मोडायचं. दुसरी शेवटच्या ओळीकडून वर, फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि 'महत्त्व'मधला दुसरा 'त' बघायला. तिसरी नावं, आकडे आणि वारांची: '19 डिसेंबर 2025, गुरुवार' वाचायला ठीक वाटतं, कॅलेंडरात मात्र शुक्रवार. आणि हो, मथळा! सगळ्यांत मोठी अक्षरं, म्हणून कुणी तपासतच नाही.

'सगळीकडे बदला' या बटणापासून तर चार हात लांब. 'गाव' काढून 'खेडे' घातलं की मडगावचं मडखेडे होतं आणि गावकरांचे खेडेकर.

छपाईसाठी एकेका अक्षराचे खिळे जुळवायच्या काळी जुळारी, मुद्रितशोधक, उपसंपादक अशा तीन नजरा पडत. दुरुस्ती महाग होती. एक शब्द वाढला तरी पुढच्या ओळी उलगडून पुन्हा जुळवाव्या लागत. आता ती फुकट, म्हणून 'नंतर करू'. तोवर स्क्रीनशॉट गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्यापासून दक्षिणेच्या काणकोणपर्यंत पोचलेला असतो आणि जत्रा उरकली तरी व्हॉट्सॲपवर आचार्य खोबरं किसतच असतात.