शंभरातल्या अकरा

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा सुटला की आमच्या हॅचरीत, म्हणजे कालवांची अंडी उबवून शेतकऱ्यांसाठी बीज, म्हणजे छोटी कालवं, तयार करतो तिथे, सगळ्यांचे चेहरे उतरतात. हा वारा किनाऱ्याला धरून वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी आत खोल समुद्राकडे सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंडगार पाणी वर येतं. या पाण्याने शेवटची हवा बघितली त्याला 30 ते 50 वर्षं झालेली असतात. तेवढ्या काळात वरून पडलेलं सगळं कुजून त्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. माशांना हे पाणी मानवतं, कारण त्यात खत भरपूर. कालवांच्या अळ्यांना मात्र ते बाधतं, कारण त्या वायूमुळे शिंपला घडवायला लागणारं कार्बोनेट त्यात अपुरं पडतं. 2007 च्या सुमाराला इथल्या हॅचऱ्यांमधल्या अळ्या टाक्याच्या टाक्या मेल्या. आधी सगळा दोष जिवाणूंवर गेला; पाणी नीट मोजलं तेव्हा खरं कारण कळलं. तेव्हापासून कार्बोनेट वाढावं म्हणून आत येणाऱ्या पाण्यात धुण्याचा सोडा मिसळतात.

त्या सकाळी सोड्याच्या पंपाची मोटर नेहमीसारखी घुमत होती. मी सवयीने नळी चिमटीत धरली, तर ती टणक लागली. आत सोड्याचा खडा बसला होता आणि टाकीत थेंबही जात नव्हता. अळीचा शिंपला आरॅगोनाइट या खनिजाचा बनतो; पाण्यातल्या त्याच्या संपृक्ततेचा आकडा 1 च्या खाली गेला तर तयार शिंपलाही विरघळायला लागतो. अळ्यांना निदान दीड तरी लागतो. मीटरवर रात्रभर 1.1 होता. नोंद होत होती, बघायला कोणी नव्हतं. पाण्याच्या तापमानाला अलार्म आहे, सोड्याला नाही. मी दोनदा मागितला होता.

अंडी आदल्या संध्याकाळीच टाकीत गेली होती. घाईने नळी बदलली, पण पहिला शिंपला दोनेक दिवसांतच बनतो. तोवर अळीला खाता येत नाही. आईने अंड्यात भरून दिलेल्या चरबीवरच सगळं काम चालतं. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर ती शिदोरी शिंपला उभारण्यातच संपते. ती रात्र परत आणता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली नमुना घेतला. धड अळी इंग्रजी डी अक्षरासारखी दिसते: एक बाजू सरळ, तिथे बिजागरी, दुसरी गोल. ध्रुवित प्रकाशात तिचा शिंपला चमकतो आणि त्यावर काळी फुली उमटते. हजारदा बघूनही मला ती फुली बघायचा कंटाळा येत नाही. त्या दिवशी बहुतेकींची बिजागरी आत दबलेली होती, काहींचं अंग कवचाबाहेर लोंबत होतं, चमक नावाला. मी शंभर मोजल्या. अकरा धड निघाल्या. नुसत्या जिवंत नव्हेत, सुरेख: सरळ बिजागरी, काळी फुली, भरभर पोहणाऱ्या. पाणी तेच, रात्र तीच.

मी मॅनेजरना हाक मारली. त्यांनी डोळा लावला, मान हलवली. "अकरा टक्क्यांसाठी टाकी अडवून ठेवता येणार नाही. सोडून द्या." हिशेब बरोबर होता, बीज घेणारे शेतकरी तारखेला थांबत नाहीत. मी झडप उघडली. खाली 45 मायक्रॉनची चाळणी लावून मूठभर अळ्या बादलीत घ्यायला दहा मिनिटं पुरली असती. मी लावली नाही, आणि याचा दोष मॅनेजरना देता येत नाही.

तेव्हापासून डोक्यात त्या अकराच आहेत. आम्ही वाढवतो ते कालव मूळचं जपानचं. ते अंडी उघड्या पाण्यात सोडतं आणि पहिला शिंपला घाईने उभारतं. इथलं मूळचं ऑलिम्पिया कालव अळ्यांना सुरुवातीला स्वतःच्या शिंपल्याआड ठेवतं आणि त्या आपलं कवच सावकाश घडवतात, म्हणून अशा अचानक फटक्यात त्या जास्त टिकतात. सिडनी रॉक कालवांवरच्या प्रयोगात, अंडी पोसण्याच्या काळात आईला कार्बन डायऑक्साइडमुळे जास्त आम्लधर्मी झालेलं पाणी मिळालं तर तिच्या अळ्या त्याच पाण्यात जास्त चांगल्या वाढल्या. मग आमच्या अकरांचं काय? एखाद्या आईची चरबी जास्त? की रक्तातच काही? सोड्याने पाणी सुधारून आम्ही धंदा वाचवला, पण कोणती अळी मुळात चिवट आहे हे बघणं सोडून दिलं. ती रात्र म्हणजे आमच्या हातून चुकून झालेली परीक्षा होती, आणि पास झालेल्यांनाच आम्ही गटारात सोडलं.

मी वही काढून बघितलं. पाच माद्यांची अंडी एकाच बादलीत मिसळली होती, नेहमीसारखी. आता पाच बादल्या वेगळ्या ठेवू द्या, असं लिहून दिलंय. त्या पाचही माद्या जिवंत आहेत. अंडी सोडून झाल्यावर मीच त्यांना मोठ्या टोपलीत परत ठेवलं, खूण न करता. टोपलीत चाळीस कालवं आहेत.