युरेनस आरशात सापडला

13 मार्च 1781 च्या रात्री विल्यम हर्शेलला युरेनस ‘योगायोगाने’ दिसला, हे वाक्य वाचलं की मला राग येतो. खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडने तोच ग्रह 1690 मध्ये पाहून तारा म्हणून नोंदवला होता. हर्शेलने दुर्बिणीचं भिंग बदलून प्रतिमा मोठी केली तेव्हा मात्र तो ठिपका पसरत गेला. तारे असे पसरत नाहीत. हा फरक दिसला तो त्याने स्वतः घासलेल्या, दुर्बिणीतल्या जेमतेम सहा इंची आरशामुळे.

आरसा काचेचा नव्हता. तांबं आणि कथील, साधारण दोनास एक. आपल्या काशाचाच प्रकार, पण कथील जास्त, म्हणून पांढरा आणि भलताच ठिसूळ. मी घासतो ते काचेचे आरसे, पण शेवटची झिलई द्यायला पिच, म्हणजे डांबरासारखा पदार्थ, आजही तेच. पिच घट्ट दिसतं, तरी दाबाखाली संथपणे वाहतं आणि आरशाच्या वक्रतेशी जुळतं. मध्येच थांबलात तर ते निवतं, बसतं, आणि जमत आलेला आकार बिघडू शकतो. इथे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याचा प्रश्न असतो. म्हणून सात फुटी दुर्बिणीचा एक आरसा पुरा करताना हर्शेलने सोळा तास हात काढला नाही. बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती, एरवी वाचूनही दाखवायची. तिनेच हे लिहून ठेवलंय.

1781 च्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या बाथ गावी राहत्या घरात त्यांनी मोठा आरसा ओतायला घेतला. साचा माती आणि घोड्याच्या लिदीचा. ती लीद खलात कुटायची, चाळायची, हे कामही कॅरोलिनकडे. पुढे धूमकेतू शोधणारी हीच बाई! एका खेपेला भट्टी फुटली, वितळलेला धातू फरशीवर पसरला आणि दगड तडकून उडाले. सगळे जीव घेऊन पळाले.

एवढं करून नवा आरसाही जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश परतवायचा. दमट हवेत तो काळवंडला की पुन्हा झिलई, आणि झिलई म्हणजे पुन्हा आकार साधणं. 1857 च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने काचेवर चांदी चढवली तेव्हा हे चक्र सुटलं: चांदी काळी पडली तर धुऊन नवी चढवायची, खालच्या वक्रतेला धक्का नाही.