तुम्ही विचारलंत म्हणून: नाझी पक्षातला मेजर

कार्ल प्लागेबद्दल वर्गात बोलले, की तास संपल्यावर कुणीतरी हटकून विचारतंच, "मॅडम, पण तो नाझी पक्षातच होता ना? मग त्याच्याबद्दल एवढ्या आपुलकीनं का बोलता?"

होता. हिटलर सत्तेवर येण्याआधीच, १९३१ मध्ये, तो आपणहून सभासद झाला होता. डार्मश्टाटचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात लढला, ब्रिटिशांच्या कैदेत पोलिओ होऊन एक पाय अधू झाला. जर्मनी सावरेल या आशेनं पक्षात गेला. तिथं वंशश्रेष्ठत्वाचे धडे द्यायला नकार दिला आणि व्याख्यात्याचं काम गमावलं.

दुसऱ्या महायुद्धात त्याच्या नावावर एकही लढाई गाजलेली नाही. १९४१ पासून जर्मनीनं व्यापलेल्या लिथुआनियातल्या विल्निअस शहरातलं लष्करी गाड्यांच्या दुरुस्तीचं आगार त्याच्या ताब्यात होतं, बस्स. शहरातल्या ज्यूंना पोनारीच्या जंगलात नेऊन गोळ्या घालत होते, आणि कामाचा दाखला असेल तोच तगत होता. ज्यांनी जन्मात पाना धरला नव्हता त्यांनाही प्लागेनं कुशल कारागीर म्हणून दाखले दिले. सप्टेंबर १९४३ मध्ये घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, रिकामा होण्याच्या तोंडावर त्यानं बाराशेहून अधिक माणसं आगाराच्या नव्या छावणीत हलवली. बायकामुलं कशाला, असं एसएसनं, म्हणजे ज्यूंची कत्तल चालवणाऱ्या नाझी दलानं, अडवलं, तेव्हा प्लागे म्हणाला, घरचे जवळ असले तर कारागीर मन लावून काम करतील. बायकांसाठी त्यानं शिवणकाम सुरू केलं.

मार्च १९४४ मध्ये तो रजेवर असताना एसएसनं छावणीतली सुमारे अडीचशे मुलं नेली. इथं माझा आवाज दर वेळी अडतो.

मग १ जुलै १९४४. रशियन फौजा जवळ आलेल्या. कैदी जमलेले, शेजारी एसएसचा अधिकारी उभा. प्लागेनं सांगितलं, आगार पश्चिमेकडे हलतंय, सोमवारी तुम्हालाही नेतील. सोबतीला एसएस असेल, आणि निर्वासितांचं रक्षण करणं हेच तर एसएसचं काम, तुम्हाला ठाऊकच आहे. ऐकणाऱ्यांना सगळं उमगलं. त्या रात्रीपासून माणसं माळ्यांवर, भिंतींआड, तळघरांत दडू लागली. सोमवारी हजेरीला सुमारे पाचशेच आले. त्यांना पोनारीला नेऊन मारलं. शोधून काढलेल्यांनाही मारलं. अडीचशेच्या आसपास जगले.

१९४७ मध्ये त्याच्यावर नाझी असल्याबद्दल खटला चालला, तेव्हा यांच्यातल्याच काहींनी आपला माणूस साक्षीला धाडला. निकाल त्याच्या बाजूनं झुकला, तरी निर्दोष असा शेरा त्याला मिळाला नाही. 'साथ देणारा' अशीच नोंद झाली. तुम्ही विचारता तो प्रश्न त्यानं स्वतःलाही विचारायचं सोडलं नव्हतं. आपल्या हातून पुरेसं झालं नाही, असंच तो १९५७ मध्ये मरेपर्यंत मानत राहिला.