स्वादुपिंडाचं ऑपरेशन: ‘आमच्याकडेही होतं’ एवढ्यावर विसंबू नका

स्वादुपिंडातल्या गाठीचं ऑपरेशन करून बाबांना घरी आणलं, त्याला चार दिवस झाले. अंगातला शीण गेलेला नाही, पण विसरायच्या आत लिहून ठेवते. फाइल लावणं, विमा, रात्रीची जागरणं तुम्ही निभावाल असं धरूनच चालले आहे.

सुरुवात अशी: बाबांचे डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. सोनोग्राफीत पित्तनळी फुगलेली. जवळच्या हॉस्पिटलात म्हणाले, “आधी स्टेंट टाकून कावीळ उतरवू, बाकीचं मग बघू.” स्टेंट म्हणजे पित्तनळी मोकळी ठेवणारी बारीक नळी. आम्ही मान डोलावली आणि तिथेच फसलो. स्टेंटनंतर स्वादुपिंडाला सूज आली. मग काढलेल्या सीटीत गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते, हेच कळेना. गाठ शेजारच्या मोठ्या शिरेला चिकटली आहे का, यावर ऑपरेशनचा सगळा निर्णय. आणि नेमकं तेच दिसत नव्हतं. सूज उतरेपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांचा राग अजून जात नाही. नेदरलँड्समधल्या एका चाचणीचे आकडे 2010 सालीच छापून आलेत: थेट ऑपरेशन केलेल्यांपैकी 39 टक्क्यांना गंभीर गुंतागुंत, आधी सरसकट स्टेंट टाकलेल्यांपैकी 74 टक्क्यांना. थंडी वाजून ताप येत असेल, रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य) फार चढलं असेल किंवा आधी किमो ठरली असेल, तर स्टेंट लागतो. पण आधी स्वादुपिंडाचा खास सीटी, बारीक कापांचा, आणि मगच स्टेंट. हा क्रम सोडू नका.

दुसरा धक्का सर्जनसमोर. “व्हिपल आमच्याकडेही होतं,” ते म्हणाले. व्हिपल म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं आणि आजूबाजूचा भाग काढायचं हे ऑपरेशन. वर्षाला किती, असं विचारल्यावर थोडं थांबून, “दोन-तीन.” प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्याच संध्याकाळी फाइल उचलली आणि ही ऑपरेशनं भरपूर होतात अशा मोठ्या केंद्राची वाट धरली. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या रुग्णांचा मोठा अभ्यास 2002 साली आला होता. वर्षाला एकही धड होत नाही अशा हॉस्पिटलांत या ऑपरेशननंतरचे मृत्यू 16.3 टक्के, 16 हून जास्त होतात तिथे 3.8. नेदरलँड्सने ही ऑपरेशनं मोजक्या ठिकाणी नेली आणि 2004 ते 2009 मध्ये मृत्यू 9.8 वरून 5.1 टक्क्यांवर आले.

फरक फक्त सर्जनच्या हातात नसतो. शिवलेल्या जोडातून गळती, रक्तस्राव मोठ्या केंद्रातही होतात. तिथे ते वेळेत ओळखले जातात. ऑपरेशननंतर सातव्या रात्री बाबांच्या ड्रेनमध्ये (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) लाल दिसलं. नर्सने पिशवी दिव्यासमोर धरली, लगेच फोन केला, आणि तासाभरात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून रक्त गळणारी रक्तवाहिनी आतून बंद झाली. म्हणून दाखल होण्याआधी विचाराच: रात्री दोनला रक्तस्राव झाला तर एम्बोलायझेशन (रक्तवाहिनी अशी आतून बंद करणं) कोण करणार? “दुसरीकडे पाठवू” असं उत्तर आलं तर तिथे ऑपरेशन करू नका.

सीटीची सीडी घेताना ती तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. आमच्या पहिल्या सीडीत नुसता रिपोर्ट होता, चित्रं नव्हतीच.

पुढचे दिवस सुरळीत गेले. किमो मात्र जवळच घेणार आहोत. औषधांचा आराखडा मोठ्या केंद्राने लिहून दिलाय, आणि त्यासाठी दर वेळी बाबांना तेवढा प्रवास करायला लावण्यात काही अर्थ नाही. ऑपरेशनसाठी मात्र कितीही लांब जा.