मधली खोली आणि उत्तरेकडची जहाजे

सोलापुरातील जुन्या पेठांमध्ये घराच्या अंतर्गत सजावटीचे काम घेतले की मधल्या खोलीचा प्रश्न ठरलेलाच असतो. पंधरा फूट रुंदी, साठ फूट लांबी, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती, समोर रस्ता आणि मागे बोळ. या दोन टोकांच्या मध्ये जी खोली येते तिच्यात भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय कपाटातील साडीचा रंग ओळखता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात शुक्रवार पेठेतील अशाच एका घराचा आराखडा करत असताना मला अचानक ‘कुंग्सहोल्म’ आठवले, कारण शिकत असल्यापासून मला जुन्या प्रवासी जहाजांचे नकाशे पाहण्याचा नाद आहे.

1953 साली स्वीडिश अमेरिकन लाइनच्या सेवेत आलेले हे जहाज गोथेनबर्ग आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान सुमारे आठशे उतारूंची ने-आण करत असे. (मराठीत आपण सरसकट ‘आगबोट’ म्हणतो, पण ही जहाजे डिझेलवर चालत, याच कंपनीचे 1925 चे ‘ग्रिप्सहोल्म’ हे अटलांटिकवरील पहिले डिझेल प्रवासी जहाज.) त्या काळच्या जहाजांत स्वस्त तिकिटाचा उतारू पोटातल्या बिनखिडकीच्या खोलीत झोपे, ‘कुंग्सहोल्म’वर मात्र प्रत्येक केबिनला समुद्राकडची खिडकी होती. जहाजाची रुंदी मर्यादित आणि बाहेरची भिंत तेवढीच, तेव्हा हे साधायचे तर दिवाणखान्यांची ऐसपैस मांडणी ठरवण्याआधी केबिनचा विचार करावा लागतो. मला या जहाजांचे मोठेपण याच क्रमात दिसते.

त्यामागे केवळ उदार मन होते असे मात्र मला वाटत नाही. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर उतारू फारसे मिळत नसत, म्हणून स्वीडन-नॉर्वेसारख्या स्कँडिनेव्हियन देशांच्या कंपन्या तीच जहाजे उबदार समुद्रांवर सहलीला पाठवत, तीही निम्म्याच्या आसपास उतारू घेऊन आणि सगळ्यांना एकाच वर्गात ठेवून. उन्हाळ्यात जो दिवाणखाना टूरिस्ट म्हणजे स्वस्त वर्गाचा असे, त्यात हिवाळ्यात भरभक्कम पैसे मोजणारा पाहुणा बसणार असेल, तर त्याची खुर्ची आणि गालिचा हलका ठेवून चालत नाही. समतेला जमाखर्चाचाही आधार लागतो, तो असा. 1965 च्या नॉर्वेजियन ‘सागाफियोर्ड’वर तर सगळे उतारू एकाच वेळी बसू शकतील असे एकच भोजनगृह होते; त्या जहाजाच्या सजावटीत डॅनिश वास्तुकार काय कोर्बिंग यांचा वाटा होता.

छायाचित्रांत ही जहाजे सागवानात बुडालेली दिसतात, आणि ब्रह्मदेश व थायलंडचे सागवान त्या काळी डॅनिश फर्निचरमध्ये खरोखरच मुबलक वापरले जाई. तथापि 1942 साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ हे फ्रेंच प्रवासी जहाज जळून आडवे झाले, 1948 च्या आंतरराष्ट्रीय करारात आगीविषयीचे नियम कडक झाले, आणि भिंतीभर लाकूड मढवण्याचे दिवस सरत गेले. त्याच्या जागी न जळणाऱ्या फळीवर व्हिनिअर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा किंवा आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो तसले लॅमिनेट आले. त्यामुळे अस्सल लाकूड बऱ्याचदा हाताला लागते तिथेच उरले: कठडा, टेबलाची कड, खुर्चीचा हात. वजनाचा हिशेबही सोडता येत नसे. 1956 च्या ‘बर्गेन्सफियोर्ड’ची डेकवरील उपरी बांधणी अ‍ॅल्युमिनियमची केली, कारण वरचा भार कमी झाला की जहाजाचा तोल सुधारतो.

आमच्या सुतारकाकांना मी हे सगळे सांगत होते, तेव्हा ते एकाच गोष्टीपाशी थांबले. पूर्वीच्या जहाजांचे डेक पुढे नाळेकडे आणि मागे शेपटाकडे हलकेच वर चढत असत आणि आडवेही मधोमध किंचित फुगीर असत, त्यामुळे तिथल्या सुताराला दार चौकटीला नव्हे, जहाजाच्या वळणाला जुळवून कापावे लागे. काका म्हणाले, “म्हणजे गुण्या आणि पाणसळ घरीच ठेवून कामाला जायचं म्हणा की, ताई.” टेबलांना ताटे घसरू नयेत म्हणून उचलता येणारी कड असे, आणि समुद्र खवळला की टेबलक्लॉथ ओला करून अंथरत, हे ऐकून मात्र त्यांना हसू आवरेना.

मधल्या खोलीचे उत्तर मला ज्या केबिनमध्ये मिळाले ती स्कँडिनेव्हियन नव्हे. लिव्हरपूल ते रंगून जाणाऱ्या ब्रिटिश बिबी कंपनीच्या जहाजांवरची ती युक्ती उकाड्यापायी निघाली. आतल्या केबिनलाही एक चिंचोळी पट्टी देऊन ती थेट बाहेरच्या भिंतीपर्यंत नेत, म्हणजे टोकाला खिडकी मिळे. शुक्रवार पेठेत मी मागची खोली तीन फुटांनी अरुंद केली आणि तेवढी पट्टी मधल्या खोलीला जोडून बोळाच्या भिंतीपर्यंत नेली. उत्तरेत उजेड जेवढा मिळेल तेवढा आत घेण्याची धडपड असते, आपल्याकडे मे महिन्यात तो गाळून घ्यावा लागतो, म्हणून टोकाच्या खिडकीला काकांकडून आडव्या पट्ट्यांची झडप करून घेतली आणि पट्टीचा कोपरा खांद्याला लागू नये असा गोल केला. त्या घरातल्या आजी आता सकाळी तिथेच चौरंग मांडून, परात मांडीवर घेऊन शेंगा फोडत बसतात.